कॅपचा टवका उडाला, म्हणजे दात गेला असं नाही

मैत्रिणींनो, चांगल्या सेटमधल्या एखाद्या कपाचा टवका उडाला तर आपण काय करतो? तो कप पाहुण्यांपुढे ठेवत नाही, पण टाकूनही देत नाही. तो फडताळात मागे सरकतो आणि खायचा सोडा नाहीतर सुट्टे पैसे सांभाळत वर्षानुवर्षं सुखानं नांदतो. दाताचं मात्र तसं नाही. समोरच्या दातावर बसवलेल्या सिरॅमिकच्या कॅपचा टवका उडाला, तर तो दात कुठे मागे सरकवणार? तो तसाच घेऊन दूधवाल्याशी बोलायचं, शेजारणीशी हसायचं, हळदीकुंकवाला जायचं. मग कोणीतरी म्हणतं, "आता सगळं काढून नवीनच बसवावं लागणार बरं का!" आणि आपण मनातल्या मनात महिन्याच्या खर्चाची वजाबाकी मांडू लागतो.

ही वजाबाकी मांडण्याआधी थोडं थांबा, एवढंच सांगण्यासाठी हा लेख. मी काही दंतवैद्य नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून सांगलीतल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी बाई आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या आणि सासूबाईंच्या तोंडातल्या सिरॅमिकनं आम्हा दोघींना इतकं शिकवलं, की ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं. साडी घेताना आपण ती सुती की सिल्क, रंग जाईल का, धुवायची कशी, हे सगळं दुकानदाराला विचारून हैराण करतो. दाताची कॅप मात्र 'किती रुपये' आणि 'रंग जुळेल ना' एवढ्या दोनच प्रश्नांवर घेऊन येतो. साडी दोन-चार वर्षांची, कॅप पंधरा-वीस वर्षांची सोबतीण!

माझी गोष्ट आधी थोडक्यात सांगते. स्कूटरवरून पडून माझा वरचा समोरचा एक दात गेला आणि २०१४ साली तिथे तीन दातांचा ब्रिज बसला. म्हणजे गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅपा, आणि त्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून मधे खोटा दात. बाजूच्या एका दाताचं रूट कॅनॉलही झालेलं. आत धातूचा पातळ साचा, वरून दाताच्या रंगाचं पोर्सेलिन. नऊ वर्षं काही तक्रार नव्हती. २०२३ साली एसटीतून शाळेत जाताना पाणी पीत होते, गाडीला गचका बसला आणि स्टीलच्या बाटलीची कड दातावर आपटली. मधल्या दाताच्या कोपऱ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला आणि आतला करडा धातू डोकावू लागला.

दुखत काहीच नव्हतं. पण व्याकरणाच्या तासाला मी मुलांना सांगत असते, की त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, हे उच्चारताना जीभ वरच्या दातांना टेकते. आता माझी जीभ न सांगता, तासाला-मधल्या सुट्टीत, स्वयंपाक करताना, झोपेतसुद्धा तिथेच जाऊन टेकत होती. 'स' म्हणताना बारीकशी शीळ निघायची. आठवीतली पोरं हसू दाबताहेत असं मला वाटायचं. त्यांचं कदाचित लक्षही नसेल, पण मी फळ्याकडे तोंड करून जास्त बोलू लागले हे मात्र खरं.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले, तिथे दोन मिनिटांत निकाल लागला. ब्रिज कापून काढायचा, नवा बसवायचा. दाताचे सहा हजार याप्रमाणे अठरा हजार रुपये. मी विचारलं, "कापताना आतल्या दाताला काही होणार नाही ना? एकाचं रूट कॅनॉल झालंय." उत्तर आलं, "बघू. निघताना तुटला तर पुढचं पुढे!"

अठरा हजार म्हणजे माझं कित्येक महिन्यांचं मानधन, आणि तेही वेळेवर हातात पडलं तर. पण खरं सांगू? पैशांपेक्षा ते 'पुढचं पुढे' माझ्या मनात जास्त घोळत राहिलं. आत जो आहे तो माझा स्वतःचा, देवानं दिलेला दात. तो एकदा तुटला की पुन्हा उगवणार नाही.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, कल्हई उडाली म्हणून कोणी पातेलं मोडीत घालतं का? दुसऱ्या कोणाला तरी दाखव." माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण कल्हईचा त्यांचा तो दाखला किती नेमका होता हे मला पुढे कळलं.

दुसरीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दात उजेडात पाहिला, कडेकडेनं बारीक सळई फिरवली, एक्स-रे काढला, निळा कागद चावायला लावून कुठला दात कुठे टेकतो ते पाहिलं. मग म्हणाल्या, "आतले दोन्ही दात शाबूत आहेत. कॅपांच्या कडा घट्ट आहेत. गेलाय तो फक्त वरचा पोर्सेलिनचा तुकडा. तो तोंडातच दुरुस्त करता येईल. कायमचं होईल असं मी म्हणणार नाही, पण काही वर्षं नक्की निघतील. पुन्हा उडालं तर पुन्हा लावू. आणि ब्रिज काढायचा रस्ता तेव्हाही मोकळाच आहे. आज काढला, तर मात्र परतीचा रस्ता नाही."

दुरुस्तीला लागले पाऊण तास आणि दोन हजार रुपये. पण त्या पाऊण तासात त्यांनी जे केलं, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण ही दुरुस्ती टिकते की आठवड्यात निघून येते, हे सगळं लेप लावण्याच्या आधीच्या कामावर ठरतं.

आपल्यापैकी काहीजणींना कल्हईवाला आठवत असेल. पितळेचं पातेलं तो लगेच कथील लावायला घेत नसे. आधी घासून काढी, तापवी, नवसागर टाकी, आणि मग कथील कापसाच्या बोळ्यानं असं काही पसरवी, की आत चांदणं पडल्यासारखं वाटे. नवसागराशिवाय कथील लावू गेलं, तर त्याचे गोळे होऊन ते घरंगळे. पाट्याचंही तसंच. पाटा गुळगुळीत झाला की वाटण वाटलं जात नाही, नुसतं सरकत राहतं. मग टाकीवालीला बोलवायचं. घर बांधताना गवंडी काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर आधी टाचे मारतो, मगच गिलावा धरतो. तिन्हीकडे गोष्ट एकच. वरच्या थराला धरायला जागा हवी.

कॅपचं सिरॅमिक म्हणजे काचेचाच भाऊबंद. भट्टीत भाजून वर झिलई दिलेली, लोणच्याच्या बरणीसारखी तुळतुळीत. त्यावर दाताच्या रंगाचा लेप, ज्याला कंपोझिट म्हणतात, तो नुसता लावला तर पहिल्या भाकरीच्या घासाला हातात येईल. म्हणून आधी पृष्ठभागाला 'टाकी' लावायची. आणि ही टाकी सगळ्या सिरॅमिकला एकाच प्रकारची लागत नाही. आपण कॅप घेताना 'कशाची?' हे विचारायला हवं ते यासाठीच.

पहिला प्रकार म्हणजे माझ्यासारखा जुना, धातूवर पोर्सेलिन चढवलेला. धातूच्या साच्यावर पोर्सेलिन भाजण्याची ही पद्धत अमेरिकेत १९६२ साली पेटंट झाली आणि पुढे जगभर पसरली. त्याआधी, १९०३ च्या सुमारास, डेट्रॉईटच्या चार्ल्स लँड नावाच्या दंतवैद्यानं नुसत्या पोर्सेलिनची कॅप करून दाखवली होती. अटलांटिक महासागर एकट्यानं विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्याच्याच मुलीचा मुलगा. लँडची कॅप सुंदर, पण ठिसूळ होती. म्हणून पुढे धातूचा आधार आला. दुसरा प्रकार लिथियम डायसिलिकेटचा. हाही काचेच्याच कुळातला, पण पुष्कळ मजबूत, आणि समोरच्या दातांना फार शोभून दिसतो. तिसरा झिरकोनियाचा. यात काच जवळजवळ नसतेच, नुसते दाट बसलेले कण. म्हणून तो सगळ्यांत दणकट, दाढांना सोयीचा.

आता काचेच्या कुळातल्या दोन्ही प्रकारांना टाकी लावतं ते हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. ते काच खातं. त्यानं पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात आणि वाळल्यावर तो भाग दव पडलेल्या काचेसारखा धुरकट पांढरा दिसतो. लिथियम डायसिलिकेटला साधारण ५ टक्क्यांचं ॲसिड २० सेकंद पुरतं, साध्या पोर्सेलिनला त्याहून जास्त वेळ लागतो. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघूनच ते करत होत्या. कमी ठेवलं तर पकड नाही, फार ठेवलं तर सिरॅमिकच कमजोर. लाडवाच्या पाकासारखंच की हे!

पण हे ॲसिड भलतं वाईट. हिरडीला, जिभेला, कातडीला लागलं तर खोल भाजतं, आणि कधी कधी सुरुवातीला दुखतसुद्धा नाही, त्यामुळे कळतही नाही. म्हणून ते लावण्याआधी तोंडात एक पातळ रबराचा पडदा ताणून बसवतात, त्यातून फक्त कामाचे दात बाहेर. त्याला रबर डॅम म्हणतात. तो लावला की आपल्याला बोलता येत नाही, नाकानं श्वास घेत गप्प पडावं लागतं. आमच्या घरच्यांना तो फार आवडला असता! पण त्या पडद्याचे दोन उपकार आहेत. ॲसिडपासून आपलं तोंड वाचतं, आणि लाळेपासून काम वाचतं. तयार केलेल्या पृष्ठभागाला लाळेचा एक थेंब लागला, तर सगळी मेहनत पाण्यात.

माझ्या दातावर धातूही उघडा पडला होता. त्याला ॲसिडचा उपयोग नाही. त्यावर त्यांनी लहानशा नळीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड हवेच्या जोरानं मारली. पूड ५० मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान कण. झिरकोनियालाही हीच तऱ्हा, कारण त्यात खायला काचच नाही. ॲसिड त्याच्यापुढे हात टेकतं. मग धातूवर आणि झिरकोनियावर एक खास द्रव लावतात, ज्यातला मुख्य घटक १९८० च्या दशकात जपानच्या कुरारे कंपनीनं प्रचारात आणला. तो एका हातानं धातूला किंवा झिरकोनियाला धरतो, दुसऱ्या हातानं लेपाला.

पोर्सेलिनसाठी असंच काम सायलेन नावाचा द्रव करतो. त्याचं एक टोक काचेला चिकटतं, दुसरं कंपोझिटला. दोन अनोळखी घरांमधली मध्यस्थी करणाऱ्या मावशी असतात ना, तशी ही सायलेनमावशी! ती लावून मिनिटभर थांबायचं, हवेनं वाळवायचं, आणि मगच पुढे जायचं. ही बाटली जुनी झाली की तिचा गुण जातो, त्यामुळे चांगले डॉक्टर तिच्यावरची तारीख बघतात.

त्यानंतर करड्या धातूवर आधी एक अपारदर्शक पांढुरका लेप, नाहीतर तो खालून काळपट मारला असता. मग कंपोझिटचे पातळ थर. एकेक थर लावायचा, निळा प्रकाश २० सेकंद धरून घट्ट करायचा, की पुढचा थर. रंग मात्र त्यांनी अगदी सुरुवातीला, दात ओले असतानाच ठरवून घेतला होता. दात वाळले की पांढरट दिसू लागतात, आणि मग निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी भलताच निघतो. मॅचिंग ब्लाउजपीस दुकानाच्या दिव्यात न बघता दारात उजेडात नेऊन बघतो, तशातलाच हा प्रकार.

दाताला असं ॲसिडनं खरखरीत करून वर लेप धरवायचा, ही कल्पना मुळात मायकेल बुओनोकोर या अमेरिकेतल्या दंतशास्त्रज्ञाची. कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फरिक ॲसिड लावतात, हे त्याच्या ध्यानात होतं. तेच त्यानं दाताच्या कवचावर करून पाहिलं आणि १९५५ साली प्रसिद्ध केलं. आपल्या कल्हईवाल्यांना ऐकून नवल वाटलं नसतं! पोर्सेलिनवर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड वापरून कंपोझिट किती घट्ट बसतं, ते सायमनसेन आणि कॅलामिया यांनी १९८३ साली दाखवलं. एक लक्षात ठेवा. खऱ्या दातासाठी वापरतात ते फॉस्फरिक ॲसिड पोर्सेलिनला फक्त स्वच्छ करतं, त्याला टाकी लावत नाही. घाईच्या दुरुस्त्या लवकर निघतात, त्याचं हे एक कारण असू शकतं.

ही झाली माझी कथा. सासूबाईंची तऱ्हा नेमकी उलटी. माझ्या दाताला खरखर करून घ्यावी लागली, त्यांच्या दाताची खरखर काढून टाकावी लागली.

त्यांच्या खालच्या दाढेवर २०२१ साली झिरकोनियाची कॅप बसवली. बसवल्यावर ती उंच लागत होती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मशीननं वरून घासून दिली. बरोबरच केलं, उंच कॅप कोणालाच सोसत नाही. पण घासून झाल्यावर तिला पुन्हा गुळगुळीत केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "जिभेला वाळूकागद लागतोय गं." आमचे हे म्हणायचे, "सवय होईल, आई." सवय झालीही. पण दोन वर्षांनी त्यांच्या वरच्या दाढेतून गार पाण्यानं कळ यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवलं. वरची स्वतःची दाढ वाटीसारखी झिजली होती. खालची कॅप जशीच्या तशी! कानस जशी स्वतः झिजत नाही, समोरच्याला झिजवते, तसं झालं होतं.

गंमत अशी, की झिरकोनिया इतका कठीण असूनही नीट पॉलिश केलेला असेल, तर समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो खरखरीतपणा. आणि खरखरीत जागेत जंतूंचा चिकट थरही जास्त साठतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या पुढे गेला, की हा थर वाढू लागतो, असं दंतशास्त्र सांगतं. मग कॅपच्या कडेची हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, आणि आपण पेस्ट बदलत बसतो.

कारखान्यातून, म्हणजे दंतलॅबमधून कॅप येते तेव्हा तिला भट्टीतली झिलई असते. तोंडात बसवल्यावर घासली, की तेवढी झिलई गेली. आता तोंड काही भट्टीत घालता येत नाही! म्हणून तिथल्या तिथे पॉलिश करतात. घरची मोझॅकची फरशी पॉलिश करून घेतली असेल तर तुम्हाला पद्धत माहीतच आहे. आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी चकाकी. मधला दगड गाळला तर ओरखडे राहतातच. कॅपलाही तसंच. हिऱ्याची पूड घातलेली रबरी चाकं, जाडपासून बारीकपर्यंत क्रमानं, हलक्या हातानं, आणि शेवटी हिऱ्याच्या पुडीची पेस्ट. सासूबाईंचं काम वीसेक मिनिटांत झालं. वरच्या दाढेत वेगळं भरण करावं लागलं ते लागलंच. झिजलेलं कवच परत येत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. कॅप बसवल्यावर किंवा घासून घेतल्यावर खुर्चीतून उठण्याआधी जीभ फिरवून बघा. खरखर लागली तर तिथेच सांगा, "पॉलिश करून द्या." यात लाजण्यासारखं काही नाही. शिंप्याकडून ब्लाउज घेताना आपण शिलाई उलटून बघतोच ना?

आता घरच्या काळजीबद्दल चार गोष्टी. कॅपा पांढऱ्या करण्यासाठी सोडा, मीठ, राख, कोळशाची पूड, मिसरी यांतलं काहीही घासू नका. सिरॅमिकचा रंग त्यानं उजळत नाही, झिलई मात्र जाते. दात पांढरे करण्याची औषधंही कॅपचा रंग बदलत नाहीत. उलट बाजूचे दात उजळून कॅपच वेगळी दिसू लागते. मऊ ब्रश, साधी पेस्ट, आणि कॅपची कड जिथे हिरडीला मिळते तिथे विशेष लक्ष. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखाली आपल्या दाताला लागते. ब्रिज असेल तर खोट्या दाताखालून लहान ब्रश किंवा त्यासाठी मिळणारा दोरा रोज फिरवायला हवा.

दात किडू नयेत म्हणून दवाखान्यात फ्लोराइडचं जेल लावतात. ते चांगलंच आहे. पण त्यातला एक आंबट प्रकार सिरॅमिकची झिलई खातो. तोंडात सिरॅमिक असेल तर आधी सांगावं, म्हणजे डॉक्टर आम्ल नसलेला, न्यूट्रल प्रकार वापरतात. ही गोष्ट मला तरी कोणी आपणहून सांगितली नव्हती.

शिवताना दातानं दोरा तोडणं, केसांच्या पिना दातानं उघडणं, दुधाची पिशवी दातानं फोडणं, सुपारी फोडणं, बर्फ चावणं या आपल्या खास बायकी कामांतून निदान समोरच्या कॅपांना तरी सुट्टी द्या. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर दुरुस्ती कितीही चांगली होवो, ती पुन्हा तुटणार. तिच्यासाठी रात्री घालायचं पारदर्शक आवरण मिळतं, ते करून घ्यावं. आणि दुरुस्त केलेल्या जागेचा लेप हा सिरॅमिक नव्हे. त्याला चहा, कॉफी आणि आपली हळद यांचा रंग चढतो. मी सांगलीची, हळदीच्या पेठेतली! हळद सोडणं काही जमायचं नाही. म्हणून वर्षातून एकदा ती जागा पॉलिश करून घेते, आणि अजून तरी बघणाऱ्याला ओळखू येत नाही.

टवका उडाला आणि तुकडा सापडला, तर तो डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. पूर्ण कॅपच निघून आली तर तीही जपून न्या, बऱ्याचदा तीच परत बसवता येते. पण घरातल्या झटपट डिंकानं चिकटवू नका. तो तोंडासाठी केलेला नाही, आणि वाकडी चिकटली तर काढताना दात जायचा. सैल कॅप तोंडात ठेवून झोपूही नका. झोपेत घशात गेली तर भलतंच संकट.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही सगळ्याच कॅपा दुरुस्त करा म्हणून अडून बसाल आणि डॉक्टर मला शिव्या देतील! कॅपच्या खाली कीड असेल, कॅप हलत असेल, तडा आरपार गेला असेल, कड उघडी पडली असेल, किंवा तीच जागा पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर दुरुस्ती म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम. तिथे नवीच कॅप हवी. दाढेसारख्या भार पडणाऱ्या जागी मोठा तुकडा गेला असेल, तर दुरुस्ती फार दिवस पुरेलच असं नाही. आणि 'का तुटलं' हे पाहिल्याशिवाय नुसतं लेपणंही खरं नव्हे. माझं कारण एसटीचा गचका होतं म्हणून बरं. चावण्यातच दोष असता, तर आधी तो काढावा लागला असता.

म्हणून दवाखान्यात जाताना हे प्रश्न मनाशी घोळवून जा. आतला दात शाबूत आहे का, आणि ते एक्स-रेवर बघितलं का? माझी कॅप कशाची आहे? ती तोंडातच दुरुस्त होईल का, नसेल तर का नाही? दुरुस्ती करताना रबर डॅम लावणार ना? शेवटी पॉलिश करणार ना? आणि नवी करायचीच असेल, तर जुनी कापताना आतल्या दाताला धोका किती? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट पेशंट समजून घेतोय याचं बरं वाटतं. ज्यांना राग येतो, त्यांच्याकडून उठून दुसऱ्याचं मत घ्यायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. वेळ मात्र हाताशी ठेवून जावं लागतं.

आपण बायका घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याची फाइल ठेवतो. यांचं रक्तदाब, सासऱ्यांची साखर, मुलांची लसटोचणी, सगळं पिशवीत क्रमवार. त्यात आपल्या दातांचा एक कागद असू द्या. कॅप कुठल्या दातावर, कोणत्या साली, कशाची, रंगाचा नंबर काय, पुढे दुरुस्ती केली तर कधी आणि कशानं. पुढच्या डॉक्टरांना त्यावरून कळेल, की ॲसिड वापरायचं की पूड मारायची. फ्रिजचं वॉरंटी कार्ड आपण दहा वर्षं जपतो. हा कागदही त्याच्याच शेजारी ठेवला, तर जागा काही फार अडणार नाही.